देव्हाऱ्यातला लुटारू

मी बोलतेय, पण आधीच सांगते, मी पोथी नाही. मी एक कादंबरी आहे. रुद्राजी नावाचा दर्यालुटारू आणि किल्लेदाराची मुलगी इंद्रावती यांची प्रेमकथा. माझ्या मुखपृष्ठावर रुद्राजी इंद्रावतीला उचलून गलबतावर चढत होता. त्या चित्रामुळे महाडच्या वाचनालयातून लोक मला वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे.

दोन हजार एकवीसच्या जुलैत सावित्री नदीच्या पुराचं पाणी वाचनालयात शिरलं. माझ्या पानोपानी समुद्र आहे, पण पाणी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मुखपृष्ठ वाहून गेलं. पानं फुगली, पिवळी पडली. नंतर आम्हा भिजलेल्या पुस्तकांना गच्चीवर वाळत घातलं आणि ज्याला जे हवं ते नेऊ दिलं. मला संजीवनीने उचललं. तेव्हा ती शाळेत होती.

पोलादपूरच्या डोंगरात तिच्या आजाचं, कुशाबाचं घर. पानं सुटू नयेत म्हणून तिने मला तांबड्या फडक्यात बांधून फळीवर ठेवलं. कुशाबाला अक्षरओळख नाही. तांबडं फडकं, जुनी पानं, त्यात पुरातून वाचलेली. त्याने पोथी समजून मला सरळ देव्हाऱ्यात ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. मी हादरलेच. ज्याने सात गलबतं लुटली, त्याच्यावर रोज झेंडूचं फूल! आत काय आहे ते आजाला कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून संजीवनी गप्प राहिली. अशी चार वर्षं गेली.

यंदा तिला कशेडीकडचं स्थळ आलं. मुलगा यशराज. त्याची आजी रंगूबाई म्हणेल ती त्या घरात पूर्वदिशा. तिने आधीच निरोप धाडला होता, लग्न याच वैशाखात, आणि मग शिक्षण बंद. संजीवनीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. तिने दोनदा आजाकडे विषय काढला. घरबसल्या आलेली मागणी परत धाडायची नसते, एवढंच तो बोलला.

पाहुणे आले, पोहे झाले. रंगूबाई म्हणाली, हल्लीच्या पोरी मोबाईल तेवढा वाचतात, पोथीतला एक अध्याय वाचून दाखव. कुशाबाने अभिमानाने मला पाटावर आणून ठेवलं. सगळ्यांनी हात जोडले.

संजीवनीने मला उघडलं. पान एकशे बारा. त्या पानावर किल्लेदार इंद्रावतीचं लग्न ठरवतो, ती खिडकीशी रडत बसते आणि रुद्राजी दोर टाकून वर येतो. आता ही काय वाचणार, या भीतीने माझी पानं आकसली.

ती वाचू लागली. "इंद्रावती बापाला म्हणाली, बाबा, मला लग्नाला नकार द्यायचा नाही. पण हातातली विद्या अर्धी टाकून मी गेले, तर जन्मभर अर्धीच राहीन. मला एक वर्ष द्या."

ही ओळ माझ्यात नाही! मी माझं प्रत्येक पान ओळखते. माझ्या इंद्रावतीने बापासमोर कधी तोंडच उघडलं नव्हतं. यशराज शेजारीच बसला होता. त्याने पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पोह्यांच्या रिकाम्या बशीत चमचा फिरवत राहिला.

"मंग बापूस काय बोलला गो?" रंगूबाईने विचारलं.

संजीवनी थांबली. पुढचं तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

"अध्याय अर्धा ठेवू नाय," रंगूबाई म्हणाली. "दोष लागतो."

मग कुशाबाने घसा खाकरला. "बापूस बोलला, शिक. मी थांबतो."

रंगूबाईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने मला नमस्कार केला. "पोथीत लिवलंय तर मोडायचं कसं? पण वरसच हां. वर एक दिवस नाय."

पाहुणे गेल्यावर कुशाबा मला फडक्यात बांधत होता. "संजे, ही पोथी नाय ना?"

"नाय आजा."

"कशाची हाय?"

"एका लुटारूची."

मला वाटलं, आता मी चुलीत जाणार. त्याने मला होतं तिथेच ठेवलं आणि वर फूल वाहिलं. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

त्याच संध्याकाळी संजीवनीने पान एकशे बाराच्या कडेला पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. एक इंद्रावतीची, एक बापाची. उद्या मी कोणाच्याही हाती पडले, तरी माझं एवढं ऐका. माझी छापील पानं फाटली तर फाटू द्या, पण त्या दोन ओळी खोडू नका. माझ्या लेखकाला त्या सुचल्या नव्हत्या.