नादमंदिराच्या दारात अडवलेला तांब्या

शके १८५५, वैशाख महिना; इंग्रजी साल १९३३, मे महिन्याचा आरंभ. सोलापुरात ऊन असे पेटले होते, की नव्या पेठेतले कापडवाले गिऱ्हाईक न आले तर बरे, म्हणजे उठावे लागणार नाही, अशा विचारात गाद्यांवर लवंडलेले होते. अशा एका रविवारी तिसऱ्या प्रहरी श्रीनादमंदिर नावाच्या गायनगृहाच्या दारात एका माणसाने माझी मान धरली. माझा अपराध एवढाच, की माझ्या पोटात पाणी होते.

मी फिरकीचा तांब्या बोलतो आहे. माझ्या गळ्याला आटे आहेत आणि झाकणालाही आहेत. झाकण फिरवून बसवले, की मला आडवा करा, बैलगाडीत आपटा, आगगाडीच्या फळीखाली सरकवा, थेंब सांडणार नाही. तेच झाकण उलटे धरले, की त्याचे फुलपात्र होते. प्रवासाला निघालेल्या माणसाला याहून अधिक काही लागत असेल, असे मला वाटत नाही. माणसे मात्र गाठोड्यामागून गाठोडी बांधतात.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. त्या ठोक्यांच्या खुणा माझ्या अंगावर अजून आहेत. त्यांना लोक नक्षी म्हणतात. त्या तांबटाकडून कुंकवासाठी नावाजलेल्या केम गावच्या एका शेतकऱ्याने मला लेकीच्या लग्नात आहेर म्हणून घेतले. लेकीचे नाव मुक्ता. लग्नात माझ्यावर केमचे कुंकू लागले, आणि मी मुक्ताबाईबरोबर सोलापुरास आलो.

तिचा नवरा कोंडीबा गिरणीत होता. तो गेल्यावर तीही गिरणीच्या रीळ खात्यात कामाला लागली. त्या खात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि माणसांच्या छातीत जाऊन बसतात. वर्षानुवर्षे तिथे काम करून मुक्ताबाईला कोरड्या खोकल्याची उबळ जडली. उबळ आली, की त्याच क्षणी घोटभर पाणी हवे. ते मिळाले तर खोकला तिथल्या तिथे निवळे; न मिळाले तर पाव घटका थांबत नसे. म्हणून मी सदैव तिच्या बगलेत असे.

तिला दुसरे एक वेड होते, ते गाण्याचे. गिरणीला रविवारी सुट्टी. रविवारी नादमंदिरात गायनाचा जलसा असे, आणि बायकांच्या बैठकीचे तिकीट चार आण्यांचे. मुक्ताबाई लुगडे जुने नेसे, पण जलसा चुकवीत नसे. गाणे चालू असता खोकणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे, असे तिचे मत होते. उबळ येणार असे वाटले, की ती माझे आटे हळूच सैल करी, तोंडात पाणी धरी आणि डोळे मिटून बसे. शेजारची सोनाबाईही रीळ खात्यातलीच. ती दर खेपेस “एकच घोट दे ग” म्हणे. माणसांचा एक घोट केवढा असतो, हे तांब्यांनाच ठाऊक.

नादमंदिर रुद्रप्पांचे. मनुष्य सात्त्विक, रोज सिद्धेश्वराच्या दर्शनास जाणारा, आणि गाण्याहून गाणाऱ्यांचा मान अधिक जाणणारा. पूर्वी त्यांच्या दारात उन्हाळ्यात पाण्याचा रांजण असे. येणाराने प्यावे, जाणाराने प्यावे. पुढे त्यांनी आतल्या उपाहारगृहाचा ठेका हिंदुरावांना दिला आणि नादमंदिराला शिस्त लागू लागली.

प्रथम रांजण उन्हात होता म्हणून तो सावलीत हलवला. सावली परसात होती. तिथे कोणी जात नसे. मग तो कोणाच्या तरी हातून फुटला. नवा आणायचे सर्वांच्या मनात होते. दरम्यान उपाहारगृहात पाणी मिळू लागले: पेला एक आण्याला, वाळा घातलेले असल्यास दीड आण्याला. बाहेर आण्याला मिळणारी गोटीच्या सोड्याची बाटली आत दोन आण्यांना. चिवडा मात्र इतका स्वस्त, की न घेणाऱ्याला चुकल्यासारखे वाटावे. त्यात मीठ इतके, की दोन बकाण्यांनंतर मनुष्य आपण होऊन पाण्याकडे वळे. हिंदुरावांचे उपाहारशास्त्र मला मान्य करावेच लागेल.

पुढे खिडक्या बंद झाल्या. कारण असे दिले, की गाणे बाहेर जाते आणि रस्त्यावरचे लोक ते फुकट ऐकतात. वर पत्रा, चहूकडे बंद दारे. आतली माणसे खिचडीसारखी शिजू लागली. मध्यंतर एक होते, त्याची दोन झाली. गवई रंगात आला, की उपाहारगृहातली घंटा वाजे, आणि त्याला समेवर येईपर्यंतही थांबता येत नसे. पाणी मिळे ते फक्त मध्यंतरात. तहानेनेही नियम पाळावा, अशी अपेक्षा होती.

एवढे होऊनही काही माणसे स्वतःचे पाणी आणीत राहिली, म्हणून वैशाखाच्या आरंभी दारावर पाटी लागली. बाहेरील कोणतेही खाद्य अथवा पेय आत नेण्यास सक्त मनाई आहे. मजकूर हिंदुरावांनी सांगितला होता. रुद्रप्पांनी तो वाचला, खालची ओळ स्वतः सांगून घातली आणि मगच पाटी टांगू दिली. मुक्ताबाईला वाचता येत नव्हते. तिला पाटी वाचून दाखवली ती दारावरच्या हरिबाने, आणि त्यालाही ती तोंडपाठ होती तेवढीच येत होती.

“तांब्या हितंच ठिवायचा, बाई,” तो म्हणाला.

“का रं? दारू न्हाय त्यात. पाणी हाय.”

“दारूचं काय लिवल्यालं न्हाय. प्यायाचं बाहीरचं आत न्हाय न्यायाचं.”

“मग आतलं पाणी कुटनं येतंय? आतल्या आत पिकतं व्हय?”

हरिबाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. “त्ये बी आडातलंच हाय की. पर एकडाव आत गेलं का त्ये आतलं हुतंय.”

मी दाराबाहेरच्या फळीवर बसलो. तिथे आणखीही मंडळी होती: एक पितळी गडू, दोन लोटे, आणि दशम्यांची एक पुरचुंडी, जिच्यावर मुंग्यांनी आपला हक्क सांगितला होता. खिडक्या बंद असूनही गाणे आमच्यापर्यंत येत होते. त्या महिन्यातले रविवार हेमावतीबाईंचे होते. बाई कर्नाटकाकडच्या. त्यांचा स्वर असा, की माझ्यातले पाणीसुद्धा थरथरे. शेवटी त्या भैरवी गात. ती ऐकण्यासाठीच मुक्ताबाई आठवडाभर रिळे भरी.

भैरवी सुरू झाली आणि आतून मला ओळखीचा खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग सलग. दार उघडले. मुक्ताबाई पदर तोंडात कोंबून बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता आधी रस्त्याच्या पलीकडे गेली, खोकल्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून. पाणी पिऊन ती परतली तेव्हा हरिबा म्हणाला, “जा की आत. तिकीट हाय न्हवं?”

“मी उटून आले तवाच बायकांनी माना वळवल्या. परत कुटं जाऊ तोंड घिऊन?”

दुसऱ्या रविवारीही तसेच झाले. त्या दिवशी तिने एक आण्याचे पाणीही घेतले. पण पेला उपाहारगृहाबाहेर नेण्याची मनाई होती, आणि उबळ उपाहारगृहात येईना. भैरवी पुन्हा रस्त्यावरच राहिली. घरी जाताना ती सोनाबाईला म्हणाली, “येत्या ऐतवारी बाईंचं शेवटचं गाणं हाय. म्या काय जायाची न्हाय आता. चार आणं दिऊन खोकायचं, त्ये घरी फुकट हुतंय.”

सोनाबाई दोन यत्ता शिकली होती. तिने त्या दिवशी पाटी सावकाश, बोट लावून, शेवटपर्यंत वाचली होती.

“आगं, खाली आनिक हाय,” ती म्हणाली. “देवाचं तीर्थ आन् परसाद, यास्नी मनाई न्हाय.”

ती ओळ रुद्रप्पांची. देवाचे तीर्थ दारात अडवण्याचे पाप आपल्या माथी नको, म्हणून त्यांनी ती घातली होती. नियम करणाऱ्याला पाप नको असते आणि फायदा सोडवत नाही, तेव्हा नियमाला असे अपवाद फुटतात.

मुक्ताबाईने माझे झाकण घट्ट फिरवले. मग ती म्हणाली, “पर खरं तीर्थ पायजे. खोटं म्या न्हाय न्यायाची.”

तिसऱ्या रविवारी सकाळी ती मला घेऊन सिद्धेश्वराच्या, म्हणजे तिच्या सिद्दरामाच्या, देवळात गेली. मला काठोकाठ भरून तिने पुजाऱ्यापुढे धरले. पुजाऱ्याने गाभाऱ्यातले तीर्थ पळीभर माझ्यात सोडले. तीर्थ पाण्यात मिसळले, की सारे पाणी तीर्थ होते; याविषयी सोलापुरात दुमत नाही. वर बेलाचे पान ठेवून तिने माझे झाकण लावले. मी फिरकीचा तांब्या. आजवर लग्नात आणि प्रवासात मिरवलो होतो, पण मला हात लावण्यापूर्वी लोक आपला हात पुसतील, असे कधी वाटले नव्हते.

दुपारी नादमंदिराशी पोहोचतो तो काय, सोनाबाईने ही गोष्ट पोटात ठेवली नव्हती. रीळ खात्यातली प्रत्येक बाई तांब्या, गडू, चरवी घेऊन उभी होती, आणि प्रत्येकीच्या भांड्यात बेलाचे पान तरंगत होते. रांग पेठेच्या वळणापर्यंत गेली होती. हरिबा एकेकीच्या तीर्थाला नमस्कार करून थकला होता.

हे पाहून हिंदुराव धावत आले. त्यांनी एकेक भांडे निरखले.

“हे तीर्थ?”

“व्हय. सिद्दरामाचं,” मुक्ताबाई म्हणाली.

“बाई, तीर्थ पळीभर असतं. तांब्याभर तीर्थ कोणी घेतं का?”

“किती घ्यायाचं त्ये पाटीवर न्हाय लिवल्यालं.”

हिंदुराव आत गेले आणि रुद्रप्पांना घेऊन आले. रुद्रप्पांनी आधी सवयीने उजवा हात पुढे केला. मुक्ताबाईने झाकणात तीर्थ ओतून त्यांच्या हातावर घातले. त्यांनी ते प्राशन केले, हात डोळ्यांना लावला आणि मगच भांडण ऐकण्यास ते मोकळे झाले.

“तीर्थ आहे, हे तर झालंच,” ते हिंदुरावांना म्हणाले. “आता बोला.”

“पळीभर न्या, माझं काही म्हणणं नाही. बाकीचं बाहेर ठेवा.”

रुद्रप्पांना हे न्यायाचे वाटले. कचेरीतल्या देवापुढची पळी मागवण्यात आली. पण तीर्थ फळीवर, मुंग्यांच्या पंगतीला, ठेवायचे कसे? सोनाबाईने तेच विचारले.

“मग ओता रस्त्यावर,” हिंदुराव म्हणाले.

हरिबाने आपले पाय मागे घेतले.

“शिव शिव,” रुद्रप्पा म्हणाले. “तीर्थ पायदळी?”

“सांडायचं न्हाय, ठिवायचं न्हाय, आत न्यायचं न्हाय,” मुक्ताबाई हिंदुरावांकडे वळून म्हणाली. “मग ऱ्हायलं काय? पिऊन टाकायचं. आमी सकाळधरनं पिऊन आलोय. जास्त झाल्यालं तुमी प्या, मालक. तुमचाच नियम हाय.”

“व्हय की,” रांगेतून कोणी म्हणाली. “सिद्दरामाचं तीर्थ नको म्हणत्यात काय?”

सोलापुरात राहून असे म्हणणे शक्य नव्हते. रुद्रप्पांच्या समोर तर मुळीच नव्हते. हिंदुरावांनी ओंजळ पुढे केली. मुक्ताबाईने माझ्यात पळीभर राखले आणि बाकीचे त्यांच्या ओंजळीत ओतले. मी मोठा तांब्या आहे. त्यांनी ते सारे प्यायले. मग सोनाबाईचा गडू पुढे आला, त्यामागून एक चरवी. जो मनुष्य पेला आण्याला विकीत असे, तो रस्त्यात उभा राहून फुकट पाणी पीत होता, आणि प्रत्येक ओंजळीनंतर भक्तिभावाने हात डोळ्यांना लावावा लागत होता.

“सावकाश, मालक,” सोनाबाई म्हणाली. “चिवडा खाऊन आला असता तर सोपं गेलं असतं.”

हसू रांगेच्या टोकापर्यंत पसरत गेले. हिंदुरावांनी वर पाहिले. वळणावर अजून बायका येतच होत्या. त्यांनी ओंजळ सोडली, धोतराची गाठ सैल केली आणि क्षीण स्वरात म्हणाले, “जाऊ द्या सगळ्यांना. आहे तसं.”

इतक्यात आतून निरोप आला. हेमावतीबाई तंबोरा लावून बसल्या होत्या. बायकांची बैठक रिकामी असताना आपण गाणार नाही, आणि खिडक्या उघडल्याशिवाय तर नाहीच, असे त्यांनी कळवले होते. रुद्रप्पांनी पाटीकडे पाहिले, मग हिंदुरावांच्या पोटाकडे पाहिले.

“हरिबा,” ते म्हणाले, “पाटी उतर. उद्या कुंभाराकडून रांजण आण. ज्याला आपलं पाणी न्यायचं त्यानं न्यावं. तीर्थ म्हणून न्यायला लागू नये.”

वैशाखातल्या त्या तिसऱ्या रविवारी गोष्ट अशी मिटली. मुक्ताबाईने मला हरिबाच्या घागरीतून पुन्हा भरून घेतले. तळाशी पळीभर तीर्थ होतेच. भैरवीच्या वेळी मी तिच्या मांडीवर होतो. आटे करकरू नयेत म्हणून तिने ते आधीच सैल करून ठेवले होते. उबळ आली, तिने घोट घेतला, उबळ निवळली. भैरवी शेवटच्या स्वरापर्यंत तिने ऐकली, आणि ती संपल्यावरही उठायला विसरली.

इथे माझी कथा संपली असती तर मी सुखी झालो असतो. संध्याकाळी घरी आल्यावर मुक्ताबाईने सगळी हकिकत सुनेला सांगितली. सून बजाबाई, मोठी नेमाची. तिने ऐकून घेतले, हात धुतले, मला उचलले आणि देवापुढे नेऊन ठेवले.

“आगं, तितं कशाला? उद्या कामावर न्यायचाय त्यो,” मुक्ताबाई म्हणाली.

“आता कसा नेता, आत्याबाई? तीर्थाचा हाय त्यो. तुमीच म्हनला न्हवं दारात, समद्या लोकांदेखत?”

ज्या मुक्ताबाईने ठेकेदाराला रस्त्यावर पाणी पाजले, तिला तेच तीर्थ आता सुनेने पाजले. मुक्ताबाईने कोनाड्यातला एक बिनझाकणाचा लोटा काढला, त्यात पाणी भरले आणि ते हिंदकळते किती, हे ती पाहू लागली.

तेव्हापासून मी देवांच्या शेजारी आहे. माझ्यावर फूल आहे, आत बेलाचे पान आहे. देव काही गात नाहीत आणि त्यांना खोकला नाही. वाचकहो, आपल्यापैकी कोणी बजाबाईच्या ओळखीचे असेल, तर तिला माझ्या वतीने एवढेच सांगावे, की मी पाण्याचा तांब्या आहे; मला साध्या पाण्याने भरावे आणि रविवारी तिच्या सासूच्या बगलेत द्यावे. आता दारात कोणी अडवणार नाही.