आईकडे ताबा

आई गेली त्याच आठवड्यात कुटुंब न्यायालयाने माझा ताबा तिच्याकडे दिला. दावा जुनाच होता. आईबाबांचा घटस्फोट झाला तेव्हा माझा प्रश्न तेवढा निकाली निघायचा राहिला होता.

समुपदेशक धारपबाईंनी मला मुलांच्या खोलीत बसवलं. भिंतीवर हत्ती रंगवला होता.

"मी एक्केचाळीस वर्षांची आहे," मी म्हटलं.

"दावा दाखल झाला तेव्हा सात वर्षांच्या होतात. कोर्ट तेच वय धरतं."

"मला कुठे राहायचंय, ते विचारणार नाही?"

"एवढ्या लहान मुलांना नाही विचारत, बाळा."

खुर्ची छोटी होती. बसले तेव्हा गुडघे हनुवटीपाशी आले होते. आता पाय जमिनीला पोचेनात.

बाबा काठी टेकत आले. हरकत घ्यायचा हक्क फक्त त्यांना होता. त्यांनी हरकत घेतली तर मी इथेच राहणार होते. त्यांनी पिशवीतून लिमलेटची गोळी काढली आणि हातातच धरून ठेवली.

"पोटगी किती पडेल?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, काका. तिकडे खर्चच नसतो."

"आणि रविवारची भेट?"

"ती आईच्या घरी. तुम्हाला तिकडे जावं लागेल."

"दर रविवारी?"

"एकदा गेलात तरी पुरतं," धारपबाई म्हणाल्या.

बाबा जरा वेळ हत्तीकडे बघत राहिले. मग त्यांनी गोळी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटवली.

"बाबा, हरकत घ्या ना." माझा आवाज बारीक झाला होता.

"हट्ट नाही करायचा, नंदू. मुलगी आईकडेच बरी."

ते गेले. त्याच दारातून आई आत आली. नाकात कापूस होता. मी तिला शेवटची अंघोळ घातली होती, तिचे केस अजून तसेच ओले होते. मला भीती वाटायला हवी होती. मी तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी होती, आणि मला तिच्या चपलांची काळजी वाटली.

ती माझ्यामागे बसली आणि तिने माझे केस सोडले.

"वेण्या झाल्या की निघा," धारपबाई म्हणाल्या. "मला खोली बंद करायचीय."

कंगवा गार होता. मी वळून बघायला गेले, तशी आईने डोक्यावर टपली मारली, पूर्वी मारायची तेवढीच. एक वेणी झाली. तिने ती गच्च बांधली आणि उरलेले केस हातात घेतले.

मी मान सरळ धरली.