एकिडोरची चटई

एकिडोरच्या थापा तुर्काना सरोवराच्या काठावर इतक्या नावाजलेल्या, की ऐकताना उंटसुद्धा रवंथ थांबवत. त्यातली सगळ्यात बदनाम थाप चटईची. तरुणपणी काळ्या टेकडीमागे वाऱ्यानं त्याची चामड्याची चटई सरोवराकडे उडवून नेली आणि घटकाभरात परत आणून पायाशी टाकली, अशी. तेव्हापासून कुणाची बकरी हरवली की लोक म्हणत, "थांब, एकिडोरचा वारा आणेल." सांगून सांगून त्याला स्वतःलाच ती खरी की खोटी, ते कळेनासं झालं होतं.

आता त्याच टेकडीमागे दवाखाना उभा राहणार होता. सापांच्या भीतीनं आजवर तिकडे दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. पण नवा रस्ता तिकडूनच गेला. बांधकामाचा नकाशा एकिडोरच्या नातीचा, नाकिरूचा. आणि तिनं दार काढलं होतं टेकडीच्या बाजूला, पूर्वेला. इथला वारा बारा महिने पूर्वेचा. झोपडी कुणाचीही असो, दार पश्चिमेलाच, सरोवराकडे.

"पोरी, जखमांत वाळू भरायला दवाखाना काढतेस का?" लोपेयोक गवंड्यानं विचारलं.

"काका, टेकडी ओलांडली की वारा गिरकी घेतो. जमिनीलगत उलटा येतो, सरोवराकडून." तिनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "टेकडीभोवतालच्या हवेचे लाखो ठोकळे पाडले आणि कुठल्या ठोकळ्यातून कुठल्यात किती वारा शिरतो, ते मोजलं."

"म्हणजे आजोबाची थाप यंत्रात घातलीस."

बाभळीखाली बसलेले सगळे खिदळले. एकिडोरला स्वतःवरचं हसू चालायचं. पण पोरीच्या पहिल्यावहिल्या कामाला आपल्या थापांचा वास लागावा, हे त्याला झोंबलं. आज दार फिरवलं असतं, तर तिचा शब्द इथे कायमचा हलका झाला असता.

तो काठी टेकत उठला. "चला. उभं राहूनच बघू."

टेकडीच्या माथ्यावर वाऱ्यानं बोलणं बंद पाडलं. एकिडोरच्या डोक्यावरचं शहामृगाचं पीस सरोवराकडे आडवं झालं होतं. पलीकडे उतरून तो दाराच्या जागी ठोकलेल्या खुंट्यांजवळ उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. चटई खरी असू दे, एवढंच मनात.

पीस थरथरलं. ताठ झालं. मग हळूच टेकडीकडे वाकलं.

लोपेयोक सरोवराकडे तोंड करून काहीतरी म्हणायला गेला, तो मूठभर वाळू घशात. तो बराच वेळ थुंकत राहिला. मग म्हणाला, "दार टेकडीकडेच. सांगा खणायला." आणि जरा ओशाळून, "म्हाताऱ्या, म्हणजे ती चटई..."

"माझी नात आहे ती," एकिडोर म्हणाला. छाती अशी फुगली होती, की गळ्यातले मणी कुरकुरले. "मी वारा नुसता बघितला. हिनं त्याला कान धरून बसवलं. आणि चटईचं काय घेऊन बसलास? तिच्यावर माझा उंट बसला होता. तोही परत आला."

"आजोबा, उंट माझ्या हिशेबात बसत नाही हं."

"मग ठोकळे मोठे पाड."