किसाबुरोंची सहा मिनिटं

गेली तेवीस वर्षं मी लोकांना रडवते आणि त्यावर माझं घर चालतं. तोयामाच्या या भागात आमचं अंत्यविधीचं सभागृह आहे, तिथे मी ऑर्गन वाजवते. भिक्षूंचे मंत्र संपले की शवपेटीचं झाकण काढतात, घरची माणसं आत फुलं ठेवतात, आणि तेवढा वेळ माझा. माझी पाठ लोकांकडे असते. समोर भिंतीवर एक छोटा आरसा लावून घेतलाय, त्यात मला सगळं दिसतं. मी स्वतः कधी रडत नाही. वाजवणारीच मुसमुसायला लागली तर लोकांनी बघायचं कोणाकडे?

हल्ली प्रत्येकाला आपल्या माणसाच्या आवडीची धून हवी असते. बेसबॉलच्या संघाचं गाणं झालं, कराओकेतली दारूची गाणी झाली. एकदा तर साबणाच्या जाहिरातीची धून वाजवली, कारण गेलेले आजोबा त्या कारखान्यात होते. मी कुरकुरते, पण वाजवते.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला ताकेबे तेत्सुजी माझ्याकडे आला. पन्नाशीचा माणूस, काळा सूट खांद्यात घट्ट झालेला. त्याचे वडील किसाबुरो चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले होते. लाकडी सरकती दारं करणारे सुतार. आणि मुलगा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात. यावरून दोघांत पंचवीस वर्षं नीट बोलणं नव्हतं, असं आमचे व्यवस्थापक कुराता मला आधीच सांगून गेले होते. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

तेत्सुजीने एका जुन्या सिनेमाचं नाव घेतलं. कृष्णधवल आहे, दर नववर्षाला टीव्हीवर लागतो. गावोगाव औषधं विकत फिरणारा एक बाप आपल्या लहान मुलीला एका खानावळीत सोडतो आणि बर्फातून चालत निघून जातो. ती हाक मारत नाही. शेवटची सहा मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही, नुसतं संगीत.

"ते संगीत हवंय. पूर्ण," तो म्हणाला.

"वडिलांच्या आवडीचं?"

"काय आवडायचं ते त्यांनी कधी सांगितलं असतं तर ना, बाई. पण हा सिनेमा ते दरवर्षी बघायचे. आणि दरवर्षी हे शेवटचं संगीत सुरू झालं की उठून न्हाणीघरात जायचे. संपलं की परत. मी लहान असल्यापासून बघतोय. एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नाही." मग तो थोडासा हसला. "आज ऐकतील. आज काही उठून जाता येणार नाही त्यांना."

मला त्याचं बोलणं आवडलं. प्रेम होतं त्यात, फक्त वापरायची सवय नव्हती.

ते संगीत मला पाठ आहे. ज्याने रचलं तो माणूस मोठा लबाड होता, असं माझं मत आहे. खाली तंतुवाद्यांचा मंद आवाज, त्यावर एकटी बासरी. ती एक ओळ चढत जाते, उंबऱ्यापर्यंत येते आणि परत फिरते. असं चार वेळा. ऐकणाऱ्याला वाटायला लागतं, आता ही काही आत येत नाही. आणि पाचव्यांदा ती आत येते. तिथे भलेभले फुटतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि चित्रपटगृहातून नाक पुसत बाहेर पडले होते. तेव्हा मी नोकरीला नव्हते, म्हणून ते मोजायचं नाही.

सव्वादहाला तेत्सुजीची आई आली. नोए तिचं नाव, एक्याऐंशी वर्षांची, काळ्या किमोनोत एवढीशी दिसत होती. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि ऑर्गनकडे बघून म्हणाली, "हे बिघडतं का कधी?"

"नाही."

"आज बिघडलं तर?"

"आजी, काय ते सरळ सांगा."

ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "ते सिनेमाचं वाजवू नकोस गं. हे न्हाणीघरात जायचे ना, ते रडायला जायचे."

मी बाकावरच तिच्याकडे वळले.

"नळ मोठा सोडायचे. म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये असंच ना? मग मलाही नाही ऐकू आलं. सत्तावन्न वर्षं. तोंड धुऊन बाहेर आले की मी म्हणायची, चहा गरम करू का. बास."

"का रडायचे?"

"विचारलं नाही. विचारायचं असतं तर नळ कशाला सोडला असता?" तिने ऑर्गनच्या लाकडावरून हात फिरवला, नवऱ्याच्या कामाची सवय असावी. "आज चाळीस माणसं पेटीभोवती उभी राहणार, वरून तोंडाकडे बघत. ह्यांना उठता येत नाही, कूस बदलता येत नाही. आणि त्यात ते वाजणार. जन्मभर लपवलं गं त्यांनी."

"मग तेत्सुजींना सांगा."

"त्याला सांगितलं तर ह्यांचं गुपित फुटतं."

"मला सांगितलंतच की."

"तू परकी आहेस," ती म्हणाली. मला जरा लागलं, पण तिचं बरोबर होतं.

ऑर्गन बिघडल्याचं खोटं मला बोलवेना. विधीला पुढे मुलगा होता, शब्द मी त्याला दिला होता. मंत्र चालू असताना मी नुसती चडफडत होते. सुतारकाकांनी एकदा, फक्त एकदा, घरात बसून रडून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? सगळा ताप माझ्या डोक्याला.

झाकण निघालं. कुरातांनी मान हलवली. मी सुरू केलं.

बासरीची ओळ एकदा चढली, परत फिरली. आरशात लोक पांढरी फुलं घेऊन पुढे येताना दिसत होते. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कोणीतरी हुंदका दिला. चौथ्यांदा ओळ परत फिरली आणि मला आरशात नोए दिसली. तिच्या हातात फूल नव्हतं. ती पेटीवर वाकली होती आणि किमोनोची लांब बाही तिने नवऱ्याच्या चेहऱ्यावर धरली होती. लोकांना दिसू नये म्हणून. ती बाही काढत नव्हती.

मी थांबले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मध्येच थांबले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेत्सुजी तरातरा आला. "काय झालं? इथूनच तर खरं सुरू होतं."

"माझ्याकडे नका बघू. आईकडे बघा."

त्याने वळून पाहिलं. आईजवळ गेला, दबक्या आवाजात म्हणाला, "आई, हे काय करतेस? लोक बघतायत."

"तेच म्हणते मी. लोक बघतायत. आणि ह्यांना उठून जाता येत नाहीये, तेत्सु."

त्याच्या चेहऱ्यावर एकेक नववर्ष मागे जाताना मला दिसत होतं. त्याने विचारलं, "नळ त्यासाठी सोडायचे?"

तिने मान हलवली.

"मला वाटायचं, माझ्याबरोबर एका खोलीत बसायचा कंटाळा येतो त्यांना."

नोएने मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं. बाही अजून जागच्या जागी होती.

मग तेत्सुजी लोकांकडे वळला आणि कमरेत वाकला. "माफ करा. आपण सगळे थोडा वेळ बाहेर जाऊ या. बाबांना उठता येत नाही, तेव्हा आपणच उठू या."

अर्ध्या लोकांना काही कळलं नाही, पण आमच्याकडे असं वाकून सांगितलं की माणसं निघतात. फुलं हातात तशीच घेऊन चाळीस जण बाहेर गेले. कुराता घड्याळ दाखवत माझ्याजवळ आले, "नोगामीबाई, स्मशानाची वेळ साडेबाराची आहे."

"मग बोलण्यात घालवू नका," मी म्हटलं.

सगळ्यांत शेवटी नोए निघाली. तिने बाही काढली, चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि दाराशी थांबून मला म्हणाली, "तुझी पाठच असते ना त्यांच्याकडे?"

मी आरसा उलटा करून ठेवला. ती गेली. दार सरकलं.

मी पहिल्यापासून वाजवलं. मोठ्याने वाजवलं, कोणाला काही ऐकू जाऊ नये इतकं. चार वेळा ओळ परत फिरली. पाचव्यांदा आत आली, आणि मला पुढची पट्टी नीट दिसेना. सवयीने बोटं चालली म्हणून शेवटापर्यंत पोचले. एवढं चांगलं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं आणि ते एका मेलेल्या सुतारासाठी होतं, याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

शेवटचा सूर विरला. मी बसून राहिले. मागे वळले नाही.

थोड्या वेळाने दारावर बोटाने हलकेच टकटक झाली. तेत्सुजीचा आवाज आला, लहान मुलाने विचारावा तसा.

"बाबा, झालं का?"

आणि लगेच त्याच्या आईचा, "थांब रे. घाई नको करूस त्यांना."

मग आम्ही सगळे थांबलो.