नटावरचा पिवळा ठिपका

मला कमी ऐकू येतं असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. चाळीस वर्षं मी कापूस वेचायच्या यंत्रावर बसलो. तिथे माणसं घसा फोडून बोलायची आणि मला शब्द न् शब्द कळायचा. पण हा वाद मी बायकोशीही कधी जिंकलो नाही. ओडीलियाने मरायच्या आदल्या वर्षी माझ्यासाठी कानात घालायची यंत्रं आणली. मी ती एकदा घातली, आमच्या फ्रीजचा आवाज ऐकला आणि मोज्यांच्या खणात टाकून दिली. सात वर्षं ती तिथेच होती.

गाडी ओडीलियाची. सत्याऐंशी सालची मस्टँग, लाल, पाच लिटरचं इंजिन. पॅकिंग शेडमध्ये पीच निवडून निवडून तिने ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती, माझ्याशी लग्न होण्याच्या आधी. मी तिच्या मागे लागलो तो तिला पाहून की गाडी पाहून, असं तिचा भाऊ लिनो मला कायम विचारायचा. मी म्हणायचो, दोघींना पाहून.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून गाडीतलं धूर कमी करायचं सगळं सामान उतरवलं. इंजिनापुढचा हवेचा पंप मी काढला आणि आखूड पट्टा चढवला. खालच्या नळीत धूर गाळणारे दोन डबे असतात, ती जड नळी लिनोने खाली उतरवली आणि तिच्या जागी साधी, पोकळ, सरळ नळी बसवली. ओडीलियाने किल्ली फिरवली, दोनदा पाय दाबला. गोठ्यातल्या गाई बिथरल्या. ती खिडकीतून डोकं काढून ओरडली, "आता कशी मोकळा श्वास घेतेय!"

हे कॅलिफोर्नियात कायद्याने चालत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. दर दोन वर्षांनी धुराची तपासणी असते आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलं सगळं सामान जागेवर आहे की नाही, हे ते बॅटरी मारून बघतात. म्हणून आमचा रिवाज ठरला. तपासणीच्या वर्षी एका शनिवारी लिनोकडे जायचं, सगळं परत चढवायचं. सोमवारी गाडी पास करून आणायची. पुढच्या शनिवारी पुन्हा लिनोकडे जाऊन सगळं उतरवायचं. आमच्या हॅनफर्ड गावाच्या आसपास आमच्या वयाचे निम्मे लोक हेच करत आलेत, त्यामुळे आम्ही काही मोठा गुन्हा करतोय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

लिनो बेटनकोर्टचा गोठा आता रिकामा आहे. वडिलांनी अझोर्स बेटांवरून येऊन उभा केलेला तीनशे गाईंचा पसारा त्याने विकून टाकला, पण दूध काढायची जागा तशीच ठेवली. तिथे मधोमध कमरेइतका खोल खड्डा आहे. माणसाने आत उभं राहायचं, गाई दोन्ही बाजूंना वर, म्हणजे वाकावं लागत नाही. गाई गेल्यावर लिनोने तो खड्डा थोडा खणून खोल केला, वर जाड फळ्या टाकल्या आणि त्यावर गाडी चढवायची सोय केली. वरचं काम माझं, खड्ड्यातलं त्याचं. माझा एक गुडघा बदललेला आहे, मी काही त्या पायऱ्या उतरत नाही.

ओडीलिया गेल्यावर आम्हा दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नाही. भांडण नव्हतं. लिनोचं लग्न झालं नाही, माझ्या घरात आता कोणी नाही, आणि आम्ही दोघेही असे, की दुसऱ्याच्या दारात नुसतंच जाऊन बसणं जमत नाही. फोनवर मला कोण काय म्हणतंय ते कळत नाही. तेव्हा उरले ते हे दोन शनिवार, दोन वर्षांतून एकदा. ते नसते तर आमची भेट थेट कुणाच्या तरी मयतीलाच झाली असती.

तर यंदाचा पहिला शनिवार नेहमीसारखा गेला. मी पंप चढवला, लांब पट्टा बसवला, गाडी वर चढवलीच आहे तर तेलही बदलून टाकू म्हणालो. लिनो खाली जाऊन अर्धा तास पान्याने ठाकठूक करत होता. वर आल्यावर त्याने हात पुसले आणि म्हणाला, "बसली. यंदा नट जरा कुरकुरले."

"म्हातारे झालेत तुझ्यासारखे," मी म्हणालो.

सोमवारी मी गाडी तपासणीला नेली. तिथे काइंग नावाची बाई आहे. हमोंग या आशियाई डोंगरी जमातीतली, चाळिशीची, फार हुशार. गेली दहा वर्षं माझी गाडी तीच तपासते. गाडी जागच्या जागी फिरत्या रुळांवर पळवून झाली, धूर मोजून झाला. मग तिने गाडी वर उचलली आणि खाली जाऊन बॅटरी मारली. बाहेर आली ती हसतच.

"मिस्टर टॅकेट, पास!" ती माझ्या कानाशी येऊन ओरडली. "आणि तुम्हाला एक सांगू? मला तुमचा फार अभिमान वाटतो."

"माझा? का?"

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही आलात ना, तेव्हा त्या नळीचे नट चकाचक होते. नुकताच पाना लागलेला. मी काय आज आलेय का या धंद्यात? मला कळतं कोण काय चढवून आणतं आणि कोण काय उतरवून नेतं. मी काय केलं, एका नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. अर्धा नटावर, अर्धा नळीवर. नट फिरला की ठिपका तुटणार."

"मग?"

"मग काय! चार वर्षांपूर्वी बघितलं, ठिपका अखंड. दोन वर्षांपूर्वी बघितलं, अखंड. आजही अखंड, वर गंज चढलाय. म्हणजे ती नळी तेव्हापासून उतरलीच नाही. तुम्ही सुधारलात! पंपाचा तेवढा नाद सोडा आता, त्याचे बोल्ट अजून चमकतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला प्रामाणिक म्हणालं होतं आणि मला तिला चपराक मारावीशी वाटत होती. मी कागद घेतला आणि निघालो.

घरी येईपर्यंत मी सगळं जुळवलं. सहा वर्षं. सहादा मी त्या खड्ड्याच्या वर उभा राहिलो, त्याला पाने दिले, आणि तो खाली नुसती ठाकठूक करत बसला. उतरवायच्या शनिवारी तीनदा मी किल्ली फिरवली आणि म्हणालो, आता कशी मोकळा श्वास घेतेय. आणि तो मान डोलवत राहिला! मी या गाडीचा आवाज कानांनी नाही, बुडाने ऐकतो असं मी जगाला सांगत फिरलो होतो. त्या बुडाने सहा वर्षं मला फसवलं.

राग आवाजाचा नव्हता. ओडीलियाचं वाक्य होतं ते. तिचं वाक्य मी त्याच्यासमोर म्हणावं आणि त्याने आतल्या आत हसावं, हे मला सहन होईना. आठवडाभर मी एकच ठरवत होतो. शनिवारी जायचं, त्याला रंगेहाथ पकडायचं, पंप स्वतः उतरवायचा आणि त्या फाटकातून परत कधी आत जायचं नाही. पण रंगेहाथ पकडायचं म्हणजे खाली काय चाललंय ते ऐकू यायला हवं. म्हणून शुक्रवारी मी मोज्यांचा खण उघडला. यंत्रांच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या, त्या बदलून आणल्या.

शनिवारी सकाळी गाडी फळ्यांवर चढवली तेव्हा लिनोने नेहमीसारखा गोड पाव आणि कॉफी पुढे केली. मी रागाच्या भरात तीन तुकडे खाल्ले. यंत्रं केसांखाली झाकली होती, त्याला दिसली नाहीत. भिंतीला टेकवलेल्या सरळ नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. सुकलेलं, जुनं. ती नळी कितीतरी दिवसांत कोणी हलवली नव्हती. मला पुरावा मिळाला होता. पण मला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

लिनो एका हाताने कठडा धरून पायऱ्या उतरला. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं, पण पाना नटाला लावला नाही.

खाली आधी काहीच नाही. मग त्याचा श्वास ऐकू आला, धापा टाकत असल्यासारखा. मग तो बोलायला लागला. त्यांच्या बेटांवरच्या पोर्तुगीजमध्ये. ती भाषा मी सत्तावीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात ऐकलेली, बोलता येत नाही, पण कळते सगळी.

"आला गं तुझा नवरा," तो म्हणत होता. "यंदा वाळलाय. शर्टाचं वरचं बटण नाही, तसाच फिरतोय. पण पाव खाल्ला हां, तीन तुकडे. मी मोजले."

मी डोकं बॉनेटमध्ये आणखी खाली नेलं.

"माझा खांदा काही वर जात नाही बघ. पाना डोक्यावर नेला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ही धूड नळी मी कुठली उचलतोय? दर वेळी म्हणतो, सांगून टाकू. पण सांगितलं, की हा गाडी नेणार गावातल्या गॅरेजात. मग इथे कशाला येतोय मरायला? माझ्याकडे आहे काय दुसरं?" पाना फरशीवर टेकवल्याचा आवाज आला. "तुझं नाव काढत नाही तो. मीही काढत नाही. रडला-बिडला तर काय करायचं, मला काय जमतंय? थांब, जरा ठोकतो. नाहीतर म्हणेल, झोपलो की काय खाली."

आणि त्याने पाना खड्ड्याच्या भिंतीवर आपटला. ठण, ठण, ठण. प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक कण्हणं होतं. ते मी सहा वर्षं ऐकलं नव्हतं.

मी बॉनेटला धरून उभा राहिलो. आठवडाभर घोकलेल्या शिव्या कुठल्या कुठे गेल्या. मला वाटायचं, ओडीलियाची आठवण येणारा या जगात मी एकटाच उरलोय. माझा अहंकार होता तो. दोन वर्षांतून एकदा मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो आणि हा माझ्या पायाखाली उभा राहून तिला माझी खबर द्यायचा. मला त्याची दया आली नाही, माझी लाज वाटली.

मी मुद्दाम मोठ्याने पाना खाली टाकला आणि ओरडलो, "झालं का रे तुझं? का कबर खणतोयस?"

"झालं, झालं! शेवटचा नट!"

त्याला वर यायला वेळ लागला. हात त्याने मुद्दाम काळे करून घेतले होते. मी आत बसलो आणि किल्ली फिरवली. आणि पहिल्यांदा मला खरं ऐकू आलं. गाडी जेवून सुस्तावलेल्या मांजरासारखी घुरघुरत होती. कसला मोकळा श्वास नि कसलं काय. पंपसुद्धा अजून जागेवर होता, मी त्याला हातच लावला नव्हता. लिनो फडक्याने हात पुसत माझ्याकडे बघत होता. दर वेळी बघतो तसाच.

"आता कशी मोकळा श्वास घेतेय," मी म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला.

मग उरलेला पाव फडक्यात बांधून तो खिडकीशी आला. द्यायला वाकला आणि तसाच थांबला. तो माझ्या कानाकडे बघत होता.

"हे कधीपासून घालतोस?"

"आजपासून."

"आज... आत्तापासून?"

"तू खड्ड्यात उतरायच्या आधीपासून."

त्याने खड्ड्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या काळ्या हातांकडे. त्याचे कान लाल झाले, सत्तरीच्या माणसाचे. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि आम्हा दोघांना ते कधी जमलेलं नाही, म्हणून मी जे जमतं ते बोललो.

"तेल बदलायला झालंय. पुढच्या शनिवारी येतो."

"तेल गेल्याच शनिवारी बदललं आपण."

"मग परत बदलू. आणि तू वर बसायचंस. खाली मी उतरणार."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं माझं मी बघतो. तू तुझ्या खांद्याचं बघ."

त्याने पाव माझ्या मांडीवर ठेवला. गाडीच्या टपावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला, ओडीलिया ठेवायची तिथेच.

"येताना हाच शर्ट घालून ये," तो म्हणाला. "सुई-दोरा आहे माझ्याकडे."

"बरं," मी म्हणालो, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.