जानरावांचा नकार

मित्रांनो, मी एक जुनं हृदय आहे, पण मला धडधडता येत नाही, कारण मी प्लास्टिकचं आहे. अमरावतीच्या एका दवाखान्यात, डॉक्टर मंजुषा मॅडमच्या टेबलावर मी चौदा वर्षं बसलो. मला उघडलं की आतले चार कप्पे दिसत. "आता समजलं," असं कुणी म्हणालं की मी जरा फुगायचोच. रोग्यांना समजावण्यात माझा हात कोण धरणार, असं मला वाटे.

मागच्या वर्षी पातूरचे जानराव आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय बहात्तर. सोबत लेक ज्योत्स्ना होती. जिना चढला की त्यांना धाप लागायची, कधी भोवळ यायची.

मॅडमनी मला उघडून खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत दाखवली. "काका, तुमची ही भिंत जाड झाली आहे. रक्ताची वाट अडते." नाकापेक्षा मोती जड, तशी गत. उपाय दोन होते. एक, छाती उघडून जाडी तासून काढायची. ते काम पक्कं, पण जानरावांना जुना दमा, त्यांना ते झेपणं कठीण. दुसरा, मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि भिंतीच्या त्या भागात थोडं अल्कोहोल सोडायचं, म्हणजे तेवढा भाग निकामी होऊन हळूहळू आकसतो. कधी पेसमेकर बसवावा लागतो, पण छाती उघडत नाहीत. "तुम्हाला नळीचाच बरा," मॅडम म्हणाल्या.

जानरावांचा चेहरा उतरला. "ते नाही पायजे. कापाचं असन त कापा."

तेवढ्यात मॅडमना कुणीतरी बाहेर बोलावलं. जानराव लेकीला हळूच म्हणाले, "पंचशील घेतलं तवापासून चाळीस वर्स दारूले शिवलो नाही. आता म्हातारपनी काळजात भरू काय?"

"बाबा, मॅडमले सांगा ना."

"हासतीन मले. तू बी बोलू नोको."

ज्योत्स्ना गप्प बसली. मॅडम परत आल्या, "ठरलं?" म्हणाल्या. बाहेर गर्दी होती. त्यांनी कारण विचारलं नाही, त्यांना वाटलं म्हातारा हट्टी आहे. मी सगळं ऐकलं होतं आणि टेबलावर नुसता बसून राहिलो.

जानराव कापण्यावरच अडून बसले, म्हणून मॅडमनी त्यांना नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जननी तपासून सांगितलं, ही छाती ऑपरेशन सोसणार नाही, नळीचाच उपाय करा. जानराव सरळ घरी गेले. मॅडमनी तीनदा फोन केला. "बुद्धपौर्णिमा झाली का येतो," ते म्हणाले.

पौर्णिमेनंतर ज्योत्स्ना एकटीच आली. "बाबा गेले, मॅडम. पानी भरता भरता पडले." मग तिनं ते कारण सांगितलं.

मॅडम खुर्चीतून उठून तिच्याजवळ आल्या. "अगं, ते प्यायचं नसतं, औषध म्हणून वापरतात. विहारातल्या भंतेजींना विचारून घेतलं असतं आपण. मी का नाही विचारलं त्यांना?"

"मले त मालूम होतं," ज्योत्स्ना म्हणाली आणि रडू लागली.

आता मॅडम टॅबलेटवर धडधडणारं हृदय दाखवतात. मी कपाटावर धूळ खात असतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. जानरावांचं वाटतं, फार वाटतं.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. घरातलं मोठं माणूस औषधाला नको म्हणालं, तर "काहून?" असं विचारा. कारण कळलं, तर डॉक्टरांना सांगून टाका, घरच्या मोठ्यांनी कितीही दटावलं तरी. जानराव लेकीवर रागावले असते. पण रागवायला ते असते.