शेजारची जागा

"क्लचप्लेट गेलीय," गाडीखालून झेफरीनुचा आवाज आला. "आणि बाई, तळही गंजलाय. आज हे केलं की उद्या ते निघेल. माझं ऐकाल तर सोडा आता हिला."

"तुझी छाती फाडून शिवली, तेव्हा डॉक्टरला कुणी म्हणालं होतं का, सोडा आता याला म्हणून?" देओलिंदा म्हणाली.

झेफरीनु हसत बाहेर सरकला. तेवढ्यात गॅरेजच्या दारावरून आर्मेन्युची नवी कोरी राखाडी गाडी गेली. आर्मेन्यु विधुर. जन्मभर फ्रान्समध्ये विटा रचून नुकताच गावी परतलेला. त्याने गाडी घेतली, ठीक आहे. पण त्याच्या शेजारच्या जागेवर फेलिश्मीना बसली होती, आणि खळखळून हसत होती.

पोर्तुगालच्या त्या डोंगरी खेड्यात देओलिंदा गाडी चालवणारी पहिली बाई. नवरा गेला, मुलगी लिस्बनची झाली, उरली ती गाडी. दर गुरुवारी ती फेलिश्मीनाला शेजारी बसवून खालच्या बाजाराला न्यायची. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आपल्या गाडीत ही कधी अशी हसली होती का? देओलिंदाला आठवेना. शिवाय डोक्याला तो निळा रुमाल, जो ती फक्त चर्चच्या जत्रेला बांधायची! देओलिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. जळफळाट नव्या गाडीचा, आर्मेन्युचा की त्या रुमालाचा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"कर दुरुस्त," ती म्हणाली. "गुरुवारच्या आत."

"पण तुमचा गुडघा? नवा क्लच कडक लागतो हं."

"तू क्लचचं बघ. गुडघ्याचं माझी मी बघते."

गुरुवारी सकाळी तिने गाडी स्वतः धुतली, चाकंसुद्धा पुसली. फेलिश्मीनाच्या दाराशी पोहोचली, तर राखाडी गाडी आधीच उभी. देओलिंदाने लांबलचक हॉर्न दिला. फेलिश्मीना टोपली घेऊन बाहेर आली आणि दोन्ही गाड्या बघून पायरीवरच थबकली.

"अगं, तुझी गाडी बंद होती ना?"

"होती. बस."

"मी आर्मेन्युंना कालच हो म्हटलंय गं."

"आणि मला इतकी वर्षं हो म्हणत आलीस, त्याचं काय?"

आर्मेन्युने खिडकीतून डोकं काढलं. "जा बाई तुम्ही तिच्याबरोबर. मी येतो मागून."

त्याचा हा चांगुलपणा तर देओलिंदाला जास्तच झोंबला.

गाडी गावाबाहेर पडली. "त्याच्या गाडीत नव्या चामड्याचा वास येत असेल," देओलिंदा म्हणाली. "डोकं चढतं त्याने."

"नाही गं, तसं काही नाही."

"रेडिओ लावतो?"

"लावतो."

"आणि तू गातेस?"

फेलिश्मीना खिडकीबाहेर बघू लागली.

चर्चच्या पुढच्या चढावर एक ट्रॅक्टर आडवा आला. देओलिंदाला थांबावं लागलं. पुन्हा निघताना तिने क्लच दाबला आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की पाय सटकला. गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. तिने कसाबसा हँडब्रेक ओढला. मागे आर्मेन्युची गाडी हातभर अंतरावर होती.

धाप ओसरल्यावर तिने शेजारी पाहिलं. फेलिश्मीनाचे डोळे मिटलेले. दोन्ही हात दारावरच्या मुठीला, बोटं पांढरीफटक पडलेली.

"कधीपासून धरतेस ती मूठ?"

"आत्ताच."

"फेलिश्मीना."

"मागच्या हिवाळ्यापासून. पुलाच्या कठड्याला गाडी घासलीस ना, तेव्हापासून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कसं बोलणार? तुला ही गाडी सोडून दुसरं काय आहे? म्हटलं, मी त्यांच्याबरोबर जायला लागले की तूही हळूहळू थांबशील."

"म्हणजे त्याच्यावर जीव जडलाय, असं काही नाही?"

फेलिश्मीनाने डोळे उघडले. "थोडा तोही जडलाय," ती खाली बघत म्हणाली.

आर्मेन्यु खिडकीशी येऊन उभा राहिला. "चढ वाईट आहे हा," तो म्हणाला.

"चढ तोच आहे," देओलिंदा म्हणाली. "सरका, मला उतरू द्या. चालवा तुम्ही. हिला वर बाजूला लावा, मग तुमच्या गाडीतून जाऊ."

संध्याकाळी तिने किल्ली झेफरीनुच्या हातावर ठेवली. "सोडली हिला," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी राखाडी गाडी देओलिंदाच्या दाराशी थांबली. फेलिश्मीना मागे बसली होती. पुढची जागा रिकामी.

"पुढे बस, तुला मागे मळमळेल," फेलिश्मीना म्हणाली.

देओलिंदाला क्षणभर बसावंसं वाटलं. साऱ्या गावाच्या देखत, तिथेच. मग तिने मागचं दार उघडलं. "ऊठ. पुढे जा तू."

"अगं पण..."

"जा म्हणते ना. मला पाय लांब करायला जागा हवी."

फेलिश्मीना पुढे गेली. "नीट बसलात ना, बाई?" आर्मेन्युने विचारलं.

"बसले. चला."

गाडी निघाली. हातांना काहीच काम नव्हतं, म्हणून देओलिंदाने रिकामी टोपली मांडीवर घेतली.